श्रीच्या वर

"आलाय," मी म्हटलं, "पण आधी बसा."

वैजयंती भाटकर बसल्या नाहीत. खांद्यावर शाळेची पिशवी तशीच, आणि एक चप्पल काढून दुसरी काढायची राहिलेली. महिनाभर सकाळची शाळा सुटली की त्या आमच्या पायरीशी यायच्या, "आला का?" विचारायच्या, मी मान हलवली की "बरं" म्हणून निघून जायच्या. त्या बुधवारी मी पहिल्यांदाच मान हलवली नाही, तर बाई आनंदायच्या सोडून घाबरल्याच.

"काय लिहिलंय? नाही म्हणालेत ना?"

"तुम्हीच वाचा."

रत्नागिरीत राम आळीच्या मागच्या अंगाला कुमुदकाकू शेवड्यांचं वधूवर सूचक मंडळ होतं. मी तिथली कारकून, टायपिस्ट, चहा करणारी आणि वेळ पडली तर मुलीच्या बापाची समजूत घालणारी, सगळं एकटीच. वैजयंतीताई म्हणजे आमच्याकडचं जरा नाजूक स्थळ. प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा अपघातात गेलेला, पदरी सहा वर्षांची सानिका. जानेवारीत सुहास मयेकर सुट्टीवर आले होते. मालवाहू जहाजावर इंजिनिअर, बायको जाऊन चार वर्षं झालेली, बोलायला मोजकेच पण माणूस सरळ. दोघं आमच्याच बाहेरच्या खोलीत दोनदा भेटली. दुसऱ्या भेटीत मी चहा घेऊन गेले तर दोघं खळखळून हसत होती, आणि मला बघून शाळेतल्या पोरांसारखी गप्प झाली. मी तेव्हाच काकूंना म्हटलं होतं, हे जमलं म्हणून समजा.

ताईंनी विचार करायला थोडे दिवस मागितले. मयेकर जहाजावर गेले. पंधरा दिवसांनी ताईंनी होकार दिला, मी तो मेलने कळवला. उत्तर नाही. पुन्हा कळवला. नाही. तिसऱ्यांदाही नाही. आणि आज हे आलं होतं:

'आपल्याकडून काहीच कळलं नाही. विचाराला वेळ हवा असं म्हणाला होतात, म्हणून मी घाई केली नाही. उद्या जहाज कोलंबोला लागतं. तिथे उतरून घरी यायचं तर आज संध्याकाळी सहापर्यंत मला कप्तानाला सांगावं लागेल. नाहीतर पुढचे सहा महिने जहाजावरच. उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजेन. मनात राग नाही. सानिकाला आशीर्वाद.'

वैजयंतीताईंनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला खुर्चीत बसवेना.

"काहीच कळलं नाही? चारू, तू पाठवलं होतंस ना?"

"अहो, तीनदा! तुमच्यासमोर!"

"मग?"

मग काय, तेच तर मला कळत नव्हतं. आमचा संगणक प्रत्येक मेलखाली हिरव्या अक्षरांत 'पाठवले' असं दाखवायचा. तिन्हींखाली ते होतं.

आतून कुमुदकाकू आल्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, नऊवारी चापून नेसलेल्या, हाताला ओल्या नारळाचा चव लागलेला. त्यांनी मेल वाचून घेतला आणि पहिलं वाक्य बोलल्या ते त्यांच्या स्वभावाला धरूनच.

"पोचला नसेल असं व्हायचं नाही. पुन्हा पाठव. ठसठशीत शब्दांत."

मी पाठवला. चौथ्यांदा. 'माझा होकार आहे. अट एकच, सानिका माझ्याबरोबर येईल आणि तिच्या वडिलांचंच नाव लावील.' खाली हिरवं 'पाठवले'. आम्ही तिघी त्या हिरव्या अक्षरांकडे बघत उभ्या राहिलो.

"महिनाभर मला वाटत होतं," ताई हळूच म्हणाल्या, "की सानिकामुळे. ती अट वाचली आणि त्यांचं मन फिरलं. घरी बाबांनाही मी तेच सांगितलं. बाबा म्हणाले, लाज सोडून किती वेळा विचारणार आहेस?"

मला इतका राग आला, पण कोणावर काढायचा ते समजेना.

फोन करावा म्हणाल, तर ते दिवस निराळे होते. भर समुद्रातल्या जहाजावर फोन होता तो कप्तानाच्या खोलीत, आणि त्याचा नंबर कंपनी कोणाला देत नसे. काकूंनी मयेकरांच्या आईंना जयगडला फोन लावला. बाई फोनवर एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की मला खुर्चीत बसून सगळं ऐकू येत होतं.

"अहो शेवडेबाई, माझा मुलगा महिनाभर त्या मेलाची वाट बघतोय! माझा भाचा मुंबईहून त्याला मेल करतो तो बरोबर पोचतो, आणि तुमचाच तेवढा समुद्रात पडतो होय?"

"मयेकरबाई, मुलीचा होकार आहे. तुम्ही भाच्याकरवी एवढं कळवा, की..."

"नाही कळवायची! पुन्हा त्याला आशा लावू आणि पुन्हा तुमची मुलगी गप्प? शुक्रवारी आम्ही लांज्याला मुलगी बघायला जातोय. मी शब्द दिलाय."

फोन आपटला. काकू रिसीव्हर हातात धरून तशाच उभ्या.

"नुसती बघायला जातायत," मी म्हटलं.

"मयेकरबाई बघायला जात नाहीत हो," काकू म्हणाल्या. "त्या ठरवायला जातात."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक झाला होता. आणि दोन वाजता लाइट जाणार होते. त्या साली भारनियमन असं होतं की माणसं जेवणाखाण्याची वेळ लाइटवर ठरवत. दोनला गेले की साडेपाचपर्यंत अंधार, संगणकाला बॅटरी होती ती दहा मिनिटं टिकेल न टिकेल. शिवाय मयेकरांनी जानेवारीत जाताना सगळं समजावून सांगितलं होतं, ते मला आठवलं. जहाजावर मेल उपग्रहावरून येतो, अक्षरागणिक पैसे पडतात. म्हणून कंपनीचा किनाऱ्यावरचा संगणक आधी मेल तपासतो, यादीतल्या पत्त्यांचेच तेवढे ठेवून घेतो आणि दुपारी चारला एकदम जहाजावर पाठवतो. मंडळाचा पत्ता त्यांनी मुद्दाम यादीत घालून घेतला होता. चारचं टपाल चुकलं तर पुढचं रात्री. म्हणजे सहाची वेळ टळून गेलेली.

काकू आत गॅस बंद करायला गेल्या आणि मी एक गोष्ट केली जी मंडळात कोणी कधी केली नव्हती. काकूंचा कडक नियम होता, पत्रव्यवहार मंडळामार्फतच. मुलीने मुलाला परभारे लिहायचं नाही, आणि आम्ही तर नाहीच नाही. मी माझा स्वतःचा मेल उघडला, मयेकरांचा पत्ता उतरवून घेतला आणि दोन ओळी लिहून धाडल्या. 'होकार आहे. तीनदा कळवलाय. उतरा.'

"चारू, हे काय करतेयस?" ताईंनी विचारलं.

"काकूंना सांगू नका."

चारदोन मिनिटांत उत्तर आलं. पण ते मयेकरांचं नव्हतं, किनाऱ्यावरच्या त्या संगणकाचं होतं, छापील इंग्रजीत: आपला पत्ता यादीत नाही, मेल पुढे पाठवता येत नाही.

"गेलं," ताई म्हणाल्या आणि पिशवी उचलली. "जाऊ दे ग. सानिका शेजारी ठेवलीय, जेवायची थांबली असेल."

"थांबा हो!"

मी एवढ्या मोठ्याने ओरडले की काकू आतून पळीसकट बाहेर आल्या.

"अहो, हा बघा. हा संगणक नाही म्हणायचं तर नाही म्हणतो. लगेच म्हणतो. माझ्या एका मेलाला त्याने पाच मिनिटांत नकार दिला. मग मंडळाच्या चार मेलांना एकदाही काहीच का म्हणाला नाही? होही नाही, नाहीही नाही, काहीच नाही! असं कसं?"

"तुझा मेल?" काकूंनी विचारलं. "तू परभारे लिहिलंस?"

"लिहिलं. नंतर काय ते बोला. आधी हे बघू दे."

काकूंना कोणी असं बोलत नसे. त्या पळी हातात धरून गप्प राहिल्या, हे त्यांचं मोठेपण.

मला एकच सुचलं. मंडळाच्या संगणकावरून तोच मेल मी माझ्याच पत्त्यावर पाठवला. हिरवं 'पाठवले'. मग माझा इनबॉक्स उघडला. नाही. पुन्हा उघडला. नाही. शेवटी स्पॅमच्या खणात गेले, जिथे लॉटऱ्या लागल्याचे नि टकलावर केस उगवायचे मेल पडून असतात. तिथे सगळ्यांत खाली एक मेल होता. पाठवणाऱ्याचं नाव कोरं. विषय कोरा. तारीखसुद्धा नाही.

उघडला तर पहिल्या ओळीत, मधोमध, '॥ श्री ॥'. आणि त्याच्याखाली, पत्राचा मजकूर असल्यासारखं, इंग्रजीत सगळं सांडलेलं: कोणाकडून, कोणाला, तारीख, विषय. त्याखाली ताईंचा होकार.

"अगो बाई," काकू म्हणाल्या, "हे आतलं बाहेर कसं आलं?"

मी कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ काकूंचा पुतण्या, पुण्यात नोकरीला, गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्यानेच आम्हाला हा नवा प्रोग्रॅम बसवून दिला होता. त्याआधी मी एकेक मेल हाताने लिहीत असे. नव्यात स्थळाचा क्रमांक टाकला की माहिती, पत्रिकेचा तपशील, सगळं आपोआप जाई. मी त्याला पडद्यावर जे दिसत होतं ते वाचून दाखवलं.

"चारूताई, श्री सगळ्यांत वर आहे? हेडरच्याही वर?"

"हेडर म्हणजे काय बाबा?"

"तेच, कोणाकडून, कोणाला, तारीख. मेलाची सुरुवात त्या ओळींनीच व्हायला लागते. मग एक कोरी ओळ, आणि मग पत्र. समोरचा संगणक पहिली ओळ वाचतो. तिथे त्याला भलतंच काही दिसलं की तो समजतो, वरचं संपलं, इथून पत्र सुरू. मग तुमचं नाव, पत्ता, तारीख सगळं त्याच्या लेखी पत्रातला मजकूर. म्हणजे आला बिननावाचा, बिनतारखेचा मेल. असले मेल लुच्चे लोक पाठवतात. कोणी स्पॅममध्ये टाकतं, कोणी सरळ फेकून देतं."

"आणि यादी बघणारा?"

"यादीत नाव बघायला मुळात नाव हवं ना? फेकून दिलं असणार. कळवणार तरी कोणाला?"

"पण आमच्याकडे 'पाठवले' येतं!"

"पाठवलेच आहेत. पोचले असं तो कुठे म्हणतोय?" मग आवाज पडला त्याचा. "मी करून पाहिलं होतं हो, व्यवस्थित गेला होता. पण निघायच्या वेळी काकू म्हणाली, श्री कुठाय? मी म्हटलं, पत्रात घालतो. तर म्हणाली, पत्रात नको, सगळ्याच्या वर, श्रीच्या वर एक अक्षर दिसता कामा नये. एस.टी. सुटायला आली होती. मी घातला पहिल्या ओळीत नि पळालो."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी कधी वाण्याची चिठ्ठीसुद्धा वर श्री काढल्याशिवाय लिहिली नव्हती. दुधाच्या हिशेबावर श्री, गॅसच्या नंबरावर श्री. आमच्याकडे लहानपणापासून सगळेच तसं करतात, पण काकूंचं जरा जास्तच होतं.

"कौस्तुभ, दोनला लाइट जातात. लवकर सांग काय करायचं."

"प्रोग्रॅममधला पत्राचा साचा उघडा. पहिली ओळ खोडा. कोरी ओळ आहे ना, ती राहू द्या, तिला हात लावू नका. तिच्याखाली हवा तर श्री लिहा."

"नाही," काकू म्हणाल्या.

"काकू!"

"नाही म्हणजे नाही. श्री खाली आणि वर माझं नाव? देवाच्या डोक्यावर मी बसू? लग्नाची बोलणी आहेत ती, चारू. सुरुवातच अशी करायची?"

"अहो, पाकिटावर पत्ता असतो आणि श्री आतल्या पत्रिकेवर असतो. तसंच हे."

"पाकिटावर गणपती असतो," काकू ठासून म्हणाल्या. "प्रत्येक पाकिटावर असतो. माझ्या कपाटात गठ्ठा आहे, दाखवू?"

"असतो हो! कोपऱ्यात असतो! पत्ता लिहायच्या जागेवर आणून बसवला तर पोस्टमनने काय वाचायचं?"

घड्याळात दोनला दहा कमी. फोनवर कौस्तुभ "हॅलो, हॅलो" करतोय. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, रागाचं. आणि तेवढ्यात वैजयंतीताई बोलल्या. आवाज न चढवता, वर्गात फळ्याकडे पाठ करून बोलावं तशा.

"काकू, नका काढू. तुमचं मन दुखवून माझं काही होऊ नये. पण मी एक सांगते. नवरा गेल्यावर आठ महिने मी कुठल्याच देवाला नमस्कार केला नव्हता. मयेकर दुसऱ्यांदा भेटून गेले, त्या दिवशी घरी जाताना पतितपावन मंदिरापाशी माझे हात आपोआप जोडले गेले. मी मागितलं काहीच नाही. फक्त म्हटलं, बरं वाटतंय. एवढंच. मग महिनाभर उत्तर आलं नाही, तेव्हा मला वाटलं, देवानेच नाही म्हटलं."

काकूंनी पळी टेबलावर ठेवली. पदराने हात पुसले. मग संगणकासमोर येऊन दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "काढ. मी बघत नाही. काढ लवकर."

मी पहिली ओळ खोडली. कोरी ओळ राहू दिली, तिच्याखाली श्री लिहिला. जतन केलं. आधी माझ्या पत्त्यावर पाठवून पाहिला. या वेळी इनबॉक्समध्येच, अगदी वर: 'शेवडे वधूवर सूचक मंडळ', तारीख, विषय, सगळं जिथल्या तिथे. मी ओरडलेच. मग मयेकरांना. 'पाठवले' हिरवं झालं, आणि पंखा थांबला.

लाइट गेले होते. बॅटरीने दोनतीनदा पीं पीं केलं. मी ती बंद केली.

"गेला ना?" काकूंनी डोळे उघडून विचारलं.

"गेला. पोचला का ते साडेपाचला."

ती दुपार मी कधी विसरणार नाही. ताईंनी शेजारणीला फोन करून सानिकाला इकडेच आणायला सांगितलं. पोर आली, काकूंनी तिला नारळाच्या वडीचा चुरा दिला, ती आमच्या बाकड्यावर पाय हलवत खात बसली आणि तिथेच झोपली. आम्ही तिघी उकाड्यात हातपंख्याने वारा घेत बसलो. कोणी काही बोललं की बाकीच्या दोघी दचकायच्या. चार वाजले तेव्हा ताईंनी घड्याळाकडे पाहिलं, मीही पाहिलं, काकूंनी जप सुरू केला. चारचं टपाल निघालं असेल, आमचं त्यात असेल किंवा नसेल, तपासणाऱ्याला अजून काही खोडी दिसली असेल. मयेकर इंजिनच्या खोलीत असतील, मेल बघायला वरच आले नसतील. डोक्यात काय काय येत होतं.

साडेपाच वाजले. लाइट आले नाहीत.

"येतील," काकू म्हणाल्या.

पावणेसहा. समोरच्या वाण्याने गॅसबत्ती लावली. ताई उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून. मी वीज कंपनीच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. काकूंच्या जपमाळेचा मणी एकाच जागी किती वेळ थांबला होता देव जाणे.

सहा वाजून गेल्यावर पंखा फिरला.

संगणक सुरू व्हायला त्याचा त्याचा वेळ घेतो. मोडेमचे दिवे एकेक करून लागतात. मी तेवढ्यात दोनदा खुर्ची सरकवली, एकदा चुकीचा पासवर्ड टाकला. इनबॉक्स उघडला. वर दोन जाहिराती. त्यांच्याखाली मयेकर.

मी वाचायला तोंड उघडलं तोच ताईंनी मला बाजूला सारलं.

'होकार मिळाला. दुपारच्या टपालात होता. आधी कप्तानाला सांगून आलो, मग हे लिहितोय. उद्या कोलंबोला उतरतो, रविवारी रत्नागिरी. सानिकाचं नाव तेच राहील, त्यात विचारायचं काय होतं? आईला कृपया तुम्हीच फोन करा. माझ्यावर ती भडकेल.'

वैजयंतीताई आधी हसल्या. मग टेबलावर डोकं टेकून रडल्या. मग उठून डोळे पुसत एकदम म्हणाल्या, "महिनाभर! एक महिना मी त्या भल्या माणसाला मनात काय काय बोलले!" सानिका जागी होऊन आईकडे टकमक बघायला लागली. काकूंनी जयगडला फोन लावला, आणि या वेळी त्या मयेकरबाईंपेक्षा मोठ्याने बोलल्या.

गुरुवारी मंडळ बंद. गुरुवारी ते नेहमीच बंद असे. शुक्रवारी मी आले तेव्हा काकू आधीच संगणकासमोर बसलेल्या, जपमाळ मांडीवर.

"चारू, दिवाळीपासूनचे सगळे मेल असेच गेले असतील?"

"सगळे."

"म्हणजे परगावची माणसं उत्तरं देत नाहीत म्हणून मी इतक्यांना शिव्या घातल्या..."

"त्यांना मिळालंच नव्हतं काही."

"सगळे पुन्हा पाठव. एकूणएक. प्रत्येकाला लिही, उशिराबद्दल क्षमस्व."

मी बसले. प्रोग्रॅममध्ये नावं नसत, स्थळांचे क्रमांक असत, आणि माझं तोंडपाठ होतं कुठला क्रमांक कोणाचा. एकशे चाळीस म्हणजे पावसची मुलगी, एकशे बावन्न ते डोरल्याचे डॉक्टर. एकेक काढत होते, पाठवत होते. मध्येच एक क्रमांक आला, दोनशे अकरा. सात वेळा गेलेला. दोनशे अकरा मला आठवेना. दोनशेच्या पुढे आमची नोंदणीच गेली नव्हती.

"काकू, हा दोनशे अकरा कोणाचा?"

काकू घाईने उठल्या. "तो राहू दे. तो मी बघते."

पण मी उघडला होता. वर श्री. त्याखाली माझं नाव. चारुलता नाचणकर, वय तेहतीस. आणि त्याखाली, एका बोटाने टाइप केलेलं कळत होतं, जागोजागी अक्षरं सुटलेली:

'मुलीचा साखरपुडा एकदा मोडला आहे. त्यात तिचा दोष नाही, मी स्वतः चौकशी केली आहे. मुलगी तोंडाने फटकळ आहे पण खोटं बोलत नाही. माझ्या घरात मुलगा असता तर ही मी बाहेर जाऊ दिली नसती.'

मी मंडळात पहिल्या दिवशीच काकूंना बजावलं होतं, मी नोकरीला आलेय, मला स्थळं दाखवायची नाहीत, त्या विषयावर एक शब्द नको. काकूंनी चार वर्षांत तो शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, बरं झालं. आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटायचं, की गावभरच्या पोरींची काळजी करणाऱ्या या बाईला माझं नावही कधी सुचू नये. शुक्रवारी आले की संगणकावरचं कव्हर उलटं घातलेलं दिसायचं. मी समजायचे, काकू मागाहून माझं काम तपासतात.

"गुरुवारी तू नसताना इथे बसत होते," काकू म्हणाल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. "सात ठिकाणी पाठवलं. कुठूनच काही नाही. मला वाटलं, सातही ठिकाणांहून नकार. तुला कसं सांगू? म्हणून गप्प बसले."

आता मला समजलं, दिवाळीपासून माझ्या डब्यात रोज एक वडी जास्त का येत होती.

मला रडू आलं, आणि मी रडले, लपवलं नाही. काकूंना म्हटलं, तुम्ही फार वाईट आहात. त्या म्हणाल्या, आहे. मग बराच वेळ आम्ही दोघी नाक पुसत बसलो.

"पुन्हा पाठवू का नको?" काकूंनी अखेर विचारलं. "तू नको म्हणालीस तर खोडून टाक."

मी खुर्ची पुढे ओढली आणि दोनशे अकरावर जाऊन स्वतःच बटण दाबलं. सात वेळा.

सोमवारी मी आले तर काकूंचा चेहरा उतरलेला. संगणकापुढे आडव्या उभ्या, मला पुढे येऊ देईनात.

"काही नाही ग, जाहिराती आल्यायत. तू चहा टाक जा."

मी त्यांच्या काखेखालून वाकून पाहिलं. चिपळूणचं उत्तर होतं. 'आपला मेल मिळाला. मुलीची माहिती वाचून आनंद वाटला, परंतु आमच्याकडून योग नाही. क्षमस्व.'

नाही म्हणाले होते. माझं नाव वाचून, वय वाचून, मोडलेला साखरपुडा नि फटकळ तोंड सगळं वाचून, विचार करून, नीट दोन ओळींत नाही म्हणाले होते. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता ही काय करते म्हणून.

"काकू," मी म्हटलं, आणि मला हसूच आवरेना, "अहो काकू, पोचलं!"